साखरेचा आजार आणि खचलेले मन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. शेतमालाचा भाव, पीककर्ज, रोजगार हमी असे प्रश्न समोर उभे असताना मधुमेही माणसाच्या मनाचे नैराश्य हा विषय अभ्यासवर्गात कशासाठी? तो डॉक्टरांनी डॉक्टरांसमोर बोलावा. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रथम द्यायला हवे. एखाद्या रोगावर उपायच सापडलेला नसेल, तर तो प्रश्न शास्त्रज्ञांचा. उपाय सापडलेला आहे, तो फार महागही नाही, आणि तरीही विशिष्ट वर्गाच्या माणसांपर्यंत तो पोहोचत नाही, अशी स्थिती असेल, तर मात्र तो प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, तो वाटपाचा होतो. आणि वाटपाचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे. ग्रामीण भागातील मधुमेही रुग्णाचे नैराश्य नेमके या दुसऱ्या प्रकारात मोडते.

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी माणसाचा, पेढीवर बसणाऱ्या शेटजींचा रोग, ही समजूत अजूनही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. ती आता सोडून द्यावी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के आढळले. प्रमाण शहरात अधिक असले, तरी देशाची बहुसंख्या खेड्यात राहते, हे ध्यानी घेतले म्हणजे खेड्यातील मधुमेह्यांची संख्या किती मोठी आहे हे उमगते. शिवाय हा रोग केवळ अतिपोषणातून येत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माता व बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. कष्ट करणाऱ्या, कृश मातांची बालके वजनाने लहान जन्मतात, परंतु त्यांच्या देहात स्नायूंच्या मानाने चरबीचा वाटा अधिक राखलेला असतो, आणि हीच घडण पुढील आयुष्यात मधुमेहाला वाट करून देते, असे या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार पन्नाशीत साखरेच्या रूपाने व्याजासह वसूल होते. ज्याला आपण श्रीमंतांचा रोग म्हणत आलो, त्याचे एक मूळ दारिद्र्यातच आहे.

एका बाईची कल्पना करा

मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू गावातील पन्नाशीच्या शेतमजूर बाईची कल्पना करावी. अशा बाया प्रत्येक कार्यकर्त्याच्या ओळखीच्या आहेत. चार वर्षांपूर्वी तिच्या पायाची जखम भरून येईना, तेव्हा साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. पहिले वर्ष तिने नेमाने काढले. पुढे सोयाबीनचे पीक हातचे गेले, मुलगा कामासाठी चाकणला गेला, नवरा घरात फारसा बोलेनासा झाला. बाईची झोप पहाटे तीनला मोडू लागली. भाकरी गोड लागेना. भजनाला जाणे सुटले, शेजारणीकडे बसणे सुटले. ‘कशात जीव लागत नाही’, ‘हातपाय गळून जातात’, ‘डोक्यात विचारांचा भुगा होतो’, असे ती कोणी विचारलेच तर सांगते. गोळी कधी घेते, कधी नाही. ‘घेऊन तरी काय व्हायचंय?’ हे तिचे वाक्य ऐकणाऱ्याला आळसाचे वाटते. वस्तुतः तो आळस नव्हे, ते तिच्या आजाराचे लक्षण आहे.

ही बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. साखर वाढलेली दिसते. डॉक्टरांच्या दारात साठ माणसांची रांग असते. ते गोळीची मात्रा वाढवतात, ‘गोड खाऊ नका, रोज चाला’ असे सांगतात आणि पुढच्या रुग्णाला बोलावतात. त्यात त्यांची वैयक्तिक चूक शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक रुग्णामागे दोन-तीन मिनिटे ज्याच्या हाती आहेत, तो दुसरे काय करणार? परंतु बाईला जी गोळी लिहून मिळाली, ती घेण्याची उमेदच तिच्यापाशी उरलेली नाही, ही गोष्ट त्या केस-पेपरवर कोठेही उमटत नाही. सहा महिन्यांनी साखर आणखी वाढते, पुन्हा मात्रा वाढते, आणि अखेरीस ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ असा ठपका तिच्याच माथी येतो.

मधुमेह आणि नैराश्य यांचा संबंध नवीन नाही. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने दीर्घकाळच्या दुःखाचा मधुमेहाशी संबंध जोडला होता. आधुनिक संशोधनाने हा संबंध दुहेरी असल्याचे दाखवले आहे. मधुमेही माणसाला नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असते, आणि नैराश्यग्रस्त माणसाला पुढे मधुमेह जडण्याचा धोकाही वाढलेला असतो. त्याची कारणे काही देहातली आहेत, काही वर्तनातली. दीर्घ ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते आणि त्याने रक्तातील साखर चढते, हे एक. मन खचलेले असले की चालणे, पथ्य, औषधाची वेळ, पायांची निगा हे सारे सुटते, हे दुसरे. आणि जन्मभर न सुटणारा आजार, पायांच्या मुंग्या, डोळ्यांची भीती, औषधाचा खर्च यांनी मन खचते, हे तिसरे. साखर मनाला खाली ओढते आणि खाली गेलेले मन साखर वर नेते. चक्राचा एकच आरा धरून ते थांबवता येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मधुमेह्याचा प्रत्येक त्रागा म्हणजे नैराश्य नव्हे. रोजची पथ्ये, सुया, तपासण्या यांचा वीट येणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. तिला औषध लागत नाही, आधार आणि सोपी मांडणी लागते. थकवा आणि उदासी यांमागे थायरॉइडची कमतरता असू शकते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते आणि त्यानेही माणूस गळून जातो. म्हणजे नीट विचारपूस आणि नीट तपासणी यांना पर्याय नाही. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, कशातच रस न वाटणे किंवा मन उदास राहणे, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता ढासळणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगणे नको होणे, ही चिन्हे एकत्र दिसली, तर तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

रांग दिसत नाही म्हणून मागणी नाही?

खेड्यातील उपचारांची स्थिती काय आहे? बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. या पाहणीत असे आढळले, की निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. हे प्रमाण पाऊणच्या आसपास येते, आणि ते पाऊण तज्ज्ञही शहरांत एकवटलेले आहेत. महाराष्ट्रातील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या ठिकाणी आहेत. ती तीव्र मनोविकारांसाठी आहेत. आपल्या कल्पनेतील बाईचा आणि त्यांचा काही संबंध येत नाही, येण्याचे कारणही नाही.

थोडे गणित मांडून पाहू. नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ३०,००० लोकसंख्या असते. त्यांत प्रौढ दोन तृतीयांश, म्हणजे २०,००० धरले, तर ८.९ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १,७८० मधुमेही होतात. त्यांपैकी अगदी हात राखून दहांत एकालाच उपचार लागण्याजोगे नैराश्य आहे असे मानले, तरी एका केंद्राच्या परिघात पावणेदोनशे माणसे झाली. या ३०,००० लोकांच्या वाट्याला मानसोपचारतज्ज्ञ किती? कागदावर पाव. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावीही कोणी नाही. तज्ज्ञ वाढवून ही दरी बुजवायची म्हटले, तर आजची पिढी निघून जाईल.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात म्हटले असते, की मागणी निर्माण होईल तसा पुरवठा होईल. या सिद्धांताचे दिवाळे जर कोठे निघत असेल, तर ते येथे. ज्या आजाराचे मुख्य लक्षणच इच्छाशक्ती हरपणे हे आहे, त्याचा रुग्ण मागणी नोंदवायला बाजारात येतच नाही. दात दुखणारा माणूस दहा कोस चालून जातो. खचलेला माणूस उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्यातून जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबतीला घरचे कोणी न्यावे लागते, म्हणजे दुसरी मजुरी बुडते. पुन्हा ‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेली’ हा शिक्का बसतो तो निराळाच. औषध फुकट मिळाले, तरी ते फुकट पडत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च घरांनी स्वतःच्या खिशातून केला होता. ज्या घरात मधुमेहाची औषधे आधीच विकत आणावी लागतात, तेथे मनाच्या औषधाला पैसा उरत नाही, आणि बाईच्या मनासाठी तर नाहीच नाही. अशा वेळी दवाखान्यात रांग दिसत नाही, म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष काढणारे नियोजन हे नियोजन नव्हे.

सिद्ध झालेले उपाय

मग उपाय कोणता? या बाबतीत आपल्या देशातच, आणि आपल्या शेजारी, मोलाचे काम झालेले आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली १२ शासकीय आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून दवाखान्यात बसवण्यात आले. त्यांच्या पाठीशी डॉक्टर आणि अधूनमधून येणारे तज्ज्ञ होते. शासकीय केंद्रांत नैराश्य व चिंताविकाराचे निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले. जेथे हे समुपदेशक नव्हते, तेथील प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, कारण तेथे नेहमीच्या उपचारानेही जवळपास तितकेच रुग्ण बरे होत होते. याचा अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. ज्याला डॉक्टरचा वेळ विकत घेता येत नाही, अशा सरकारी दवाखान्यातील माणसालाच या व्यवस्थेचा खरा लाभ झाला.

याच संस्थेने पुढे गोव्यातील दहा आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एका साध्या संभाषण-उपचाराचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. सहा ते आठ बैठका, आणि तत्त्व असे, की मन उभारी धरील तेव्हा काम करू, अशी वाट पाहू नये. आधी छोटे, जमण्यासारखे, एकेकाळी आवडणारे काम हाती घ्यावे, म्हणजे मन त्याच्या मागून येते. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मधुमेह्यांसाठी या पद्धतीचे एक अधिक मोल आहे. तिन्हीसांजेला मंदिरापर्यंत चालत जाणे, बंद पडलेले भजन पुन्हा धरणे, परसात चार भाज्या लावणे, ही मनाची औषधे साखरेचीही औषधे आहेत.

आपल्या विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या नावाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला हा मुलूख. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलायला आरंभ केला, प्रथमोपचार दिला, गरज पडल्यास समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे पोहोचवले. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोक कोणाची ना कोणाची मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. जी मागणी नाही असे म्हटले जात होते, ती विचारणारे माणूस दारात आल्याबरोबर उभी राहिली.

मधुमेह आणि नैराश्य दोन्ही एकत्र असलेल्या रुग्णांविषयी भारतातला महत्त्वाचा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. चेन्नई, बंगलोर, दिल्ली आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांतील ४०४ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी निम्म्यांना एक प्रशिक्षित समन्वयक दिला गेला. तो डॉक्टर नव्हता. रुग्णाशी नियमित बोलणे, साखर, रक्तदाब आणि मनःस्थिती यांची एकाच वहीत नोंद ठेवणे, आणि ठरावीक काळाने त्या नोंदी तज्ज्ञांपुढे मांडून उपचारात बदल करून घेणे, हे त्याचे काम. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने कमी होऊन साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एकात तरी ठरावीक सुधारणा झाली, असे रुग्ण या गटात ७१.६ टक्के होते, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात ५७.४ टक्के. हा प्रयोग शहरी दवाखान्यांतला आहे, हे विसरता कामा नये. परंतु त्याचे मर्म यंत्रसामग्रीत नाही, पाठपुराव्यात आहे. आणि पाठपुरावा करणारे माणूस खेड्यात आधीपासून आहे. तिचे नाव आशा.

‘दारिद्र्यावर गोळी’ या आक्षेपाविषयी

येथे आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ज्याचे पीक बुडाले, ज्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, त्याला दुःख होणारच. त्या दुःखाला रोगाचे नाव देऊन गोळी देणे म्हणजे सामाजिक अन्यायाचे खासगी आजारात रूपांतर करणे नव्हे काय? भाव द्या, पाणी द्या, मग समुपदेशकाची गरज उरणार नाही, असा हा युक्तिवाद आहे.

यातील पूर्वार्ध सत्य आहे. उत्पन्न घटणे, कर्ज, बेकारी यांनी नैराश्य वाढते आणि गरिबांच्या हाती थेट पैसा पडल्यास ते कमी होते, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून भावाची आणि रोजगाराची लढाई ही मानसिक आरोग्याचीही लढाई आहे, असे निःसंकोच म्हणावे. परंतु उत्तरार्ध टिकत नाही. क्षयरोग हाही दाटीच्या, कोंदट वस्तीतून आणि अपुऱ्या अन्नातून पसरतो. म्हणून चाळी सुधारेपर्यंत क्षयाचे औषध देऊ नये, असे कोणी म्हणत नाही. कारण सामाजिक असले, तरी यातना एकेका देहात होते, आणि तो देह क्रांतीच्या तारखेपर्यंत थांबू शकत नाही. शिवाय दारिद्र्यातून नैराश्य येते, तसे नैराश्यातून दारिद्र्यही येते. हात चालत नाहीत, मजुरी बुडते, पायाची जखम चिघळते, बोट कापावे लागते, आणि घर कर्जात आणखी खोल जाते. आणि ज्याला सकाळी अंथरुणातून उठण्याची उमेद नाही, तो मोर्चात कोठून येणार? खचलेला माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. तो अन्यायाला आपलाच दोष समजतो.

आक्षेपातला एक अंश मात्र आपण जपून ठेवला पाहिजे. समुपदेशक हा निमूटपणे सोसायला शिकवणारा होता कामा नये. बाईला नवरा मारत असेल, रेशन मिळत नसेल, निराधार योजनेचा अर्ज अडला असेल, तर त्या अडचणींची तड लावणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

काम कोणाचे, दाम कोणाचे

आता राज्याच्या जबाबदारीकडे वळू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. त्याचे मूळ तत्त्वच हे, की मानसिक उपचार प्राथमिक आरोग्यसेवेत मिसळावेत. १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा कार्यक्रम २०१० साली आला. दोन्ही कार्यक्रमांचे रुग्ण अनेकदा एकच, परंतु नोंदवह्या दोन, तपासणीचे दिवस दोन, अहवाल दोन. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याच्या अठराव्या कलमाने मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. २०२२ साली ‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. ती उपयुक्त आहे आणि तिची माहिती प्रत्येक घरात पोहोचवली पाहिजे. परंतु घरातला एकुलता एक फोन मुलाबरोबर चाकणला गेला असेल, तर ती सेवाही गेली.

सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणीचा फॉर्म भरते, ज्यातून मधुमेहाचा संशय नोंदवला जातो, त्याच फॉर्मात नैराश्याचे दोन प्रश्न छापलेले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला काय, आणि मन उदास, निराश राहिले काय, हे ते प्रश्न. ठरावीक गुणांच्या वर उत्तर गेले, तर रुग्णाला वर पाठवावे, अशी सूचनाही आहे. म्हणजे नवा कायदा नको, नवा फॉर्मही नको. जे छापलेले आहे ते विचारले जावे, जे विचारले ते ऐकले जावे आणि जे ऐकले त्यावर पुढे काही घडावे, एवढाच प्रश्न उरतो.

परंतु हे काम आशाताईंवर टाकताना आपण एक अन्याय दुसऱ्यावर ढकलत तर नाही ना, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हटले आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरवला. महाराष्ट्रातील आशांना २०२३ आणि २०२४ साली संपावर जावे लागले, ते काही हौसेने नव्हे. स्वस्त, स्थानिक मनुष्यबळ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा खेड्यातील बाईचे बिनपगारी श्रम असा होतो. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हे श्रम आहे. त्याला वेळ लागतो, कौशल्य लागते, आणि ते ऐकणाऱ्यालाही थकवते. नैराश्याची विचारपूस आणि पाठपुरावा हे काम आशांना द्यायचे असेल, तर त्यासाठी प्रशिक्षण, देखरेख आणि निश्चित वेतन दिले पाहिजे, अशी मागणी त्याच श्वासात केली पाहिजे.

तर आपल्या मागण्या अशा असाव्यात. मधुमेहाच्या तपासणीच्या दिवशीच, त्याच टेबलावर, मनाची विचारपूस व्हावी आणि एकाच कार्डावर दोन्ही नोंदी असाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक असावा. जिल्हा पथकातील मानसोपचारतज्ज्ञाने महिन्यातून ठरावीक दिवशी केंद्रात येऊन किंवा दूरध्वनीवरून अवघड रुग्णांचा आढावा घ्यावा. फ्लुऑक्सेटिनसारखी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधे केंद्रातच मिळावीत. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या औषधाने वजन आणि साखर वाढू शकते, तर फ्लुऑक्सेटिनने काहींची साखर खाली येऊ शकते, म्हणून मधुमेह्याला कोणते औषध द्यावे याचे प्रशिक्षण केंद्रातील डॉक्टरांना मिळावे. आणि हे औषध कोणी आपल्या मनाने सुरू करू नये, मनाने थांबवूही नये, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले जावे.

मागण्यांबरोबर कार्यकर्त्यांनी स्वतः करण्याजोगे कामही आहे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपले माणूस असेल, तर नैराश्याचे दोन प्रश्न खरोखर विचारले जातात की फॉर्मवर नुसत्याच खुणा होतात, हे तिने विचारावे. ग्रामसभेत औषधांच्या साठ्याची चौकशी व्हावी. मधुमेह्यांचे गट करून आठवड्यातून एकदा एकत्र चालणे आणि बसणे सुरू करावे. त्याला निधी लागत नाही. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलला, तर त्याला हसण्यावारी नेऊ नये, उपदेश करू नये, एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने ओझे हलके होते.

त्या मराठवाड्यातील बाईकडे अखेरीस पुन्हा वळू. तिला चमत्कार नको आहे. पुढच्या खेपेस ती आरोग्य केंद्रात जाईल, तेव्हा साखर पाहून झाल्यावर कोणीतरी स्टूल पुढे सरकवून, ‘मावशी, बसा. गेल्या पंधरा दिवसांत मन कसं आहे?’ एवढे विचारावे, आणि तिचे उत्तर ऐकायला त्या विचारणाऱ्याकडे पगारी वीस मिनिटे असावीत. ही वीस मिनिटे कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाहीत. ती अंदाजपत्रकातून मिळवावी लागतील. आणि अंदाजपत्रकातून काही मिळवायचे, तर त्यासाठी संघटित आवाज लागतो. तो आवाज उठवण्याची ताकद त्या बाईत आज नाही. ती आपल्यात आहे, आणि म्हणूनच हा विषय आपला आहे.